तांबे आणि तारतम्य

विषाला विष म्हणून ओळखणे सोपे असते. पोषक पदार्थ कोणत्या मर्यादेनंतर विष ठरतो, हे ओळखणे कठीण. तांबे हा असाच एक पदार्थ. पेशींच्या श्वसनातील अखेरचा टप्पा पार पाडणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, तांब्याच्या अणूंवाचून निकामी ठरते. मात्र हेच तांबे पेशीत साठत गेले, तर ते तिच्या प्रथिनांची आणि आवरणांची नासधूस करते. म्हणूनच निसर्गाने त्याचा बंदोबस्त यकृताकडे सोपविला आहे. हवे तेवढे ठेवावयाचे आणि उरलेले पित्तावाटे बाहेर टाकावयाचे, हे यकृताचे काम. तान्ह्या बाळात ही व्यवस्था अद्याप अपरिपक्व असते.

त्या अपरिपक्वतेची जबर किंमत भारतातील अनेक कुटुंबांनी मोजली. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांना यकृताच्या सिरोसिसने ग्रासले की बहुधा ती हाती लागत नसत. एकाच घरात दुसरे मूलही त्याच वाटेने गेले, तर आनुवंशिकतेकडे बोट दाखविले जाई. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या बालकांत ते बहुधा ८०० हून अधिक आढळे. हे तांबे येते कोठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये स्वयंपाकघराकडे लक्ष वेधले. पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले वरचे दूध या मुलांना फार लवकर सुरू झाले होते. दूध तांबे ओढून घेते. त्यास अटकाव करते ती कल्हई, आणि ती झिजली की बाळाच्या पोटात दुधाबरोबर धातूही जातो. भांडी बदलली आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही असाच बालरोग तांब्याची भांडी गेल्यावर थांबला. आनुवंशिकतेचा वाटा असेलही. पण कूळ बदलता येत नाही, भांडे बदलता येते.

आमच्या पूर्वजांनी तांब्यातच पाणी प्याले, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे निर्धोक मानते. परंतु दूध, ताक, आंबट पदार्थ यांची गोष्ट निराळी, हे पूर्वजही जाणत. एरवी दारोदार कल्हईवाला हिंडला नसता. परंपरेतील भांडे घ्यावयाचे आणि कल्हईचे तारतम्य टाकून द्यावयाचे, हे शहाणपण नव्हे.

हेच तारतम्य सागराच्या बाबतीतही हवे. यकृताची पेशी आणि समुद्रातील सूक्ष्मजीव यांचे नाते दूरचे, पण तांब्याशी त्यांचा व्यवहार एकाच नियमाने चालतो. अरबी समुद्राच्या प्राणवायूविरहित थरांत काही जीवाणू नायट्रस ऑक्साइड वायूचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करतात. हे घडविणारे विकर तांब्यावरच चालते. नायट्रस ऑक्साइडची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट असल्याने ही सेवा क्षुल्लक नाही. याउलट, प्रोक्लोरोकोकस हा सूर्यप्रकाशावर अन्न निर्माण करणारा अतिसूक्ष्म जीव थोड्याशा वाढीव तांब्यानेही हतबल होतो. समुद्रातील अन्नसाखळीचा मोठा भार अशा जीवांवर आहे.

जहाजांच्या तळावर शेवाळ व शिंपले चढू नयेत म्हणून लावले जाणारे कथिलयुक्त विषारी रंग २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने बंद झाले. त्यांची जागा मुख्यतः तांब्याच्या रंगांनी घेतली. अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका नौकाबंदरात झिरपणाऱ्या तांब्यावर २००५ मध्ये मर्यादा घालावी लागली. मुंबई आणि मुरगाव येथेही बंदरातील पाण्यात व गाळात तांबे किती, याचे नियमित मोजमाप होऊन ते आकडे लोकांसमोर यावयास हवेत. बालकांचे यकृत वाचले, ते एखाद्या रामबाण औषधाने नव्हे, तर चयापचयाच्या अभ्यासाने आणि घरातील भांडी तपासून पाहणाऱ्या चिकाटीने. समुद्र मात्र आपली दुखणी घेऊन रुग्णालयात येत नाही. त्याच्यापर्यंत जाऊन मोजणी करणे, हे शासनाचे आणि विद्यापीठांचे कर्तव्य आहे.