नाकापेक्षा बाटली जड

परवा पुण्याहून भाचा आला आणि त्याने माझ्या मनगटावर एका बाटलीतून फुस्स केले. "मामा, लगेच मत देऊ नका. हा वास टप्प्याटप्प्याने उलगडतो!" बाटली ५० मिलीची, किंमत ९ हजार. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. हात आपोआप भागाकाराला गेला. मिलीला १८० रुपये! जळगावातले दोन चहा तरी माझ्या मनगटावर वाळत होते.

पहिला टप्पा दारूचा. तो नेमका काउंटरवर उलगडला. पासबुक पुढे करता करता एक गृहस्थ थबकले आणि हळूच म्हणाले, "साहेब, सकाळी सकाळीच?" दुपारी चामडे सुरू झाले, शिपायाने आधी स्वतःची चप्पल उलटून पाहिली, मग माझ्या पायांकडे पाहिले. संध्याकाळी लाकूड. सौ. म्हणाली, "जुन्या कपाटात बसून आलात का?"

यात जादू काही नाही. हलके द्रव्य आधी उडते, जड मागे राहते. आपला पगारही असाच उलगडतो : सुगंध दोन तारखेपर्यंत, हप्ते महिनाभर.

माझे भांडण वासाशी नाहीच, नाकाशी आहे. चैत्राच्या सुमारास सातपुड्यात मोहाची फुले पडतात. चोपड्याला बदलीवर होतो तेव्हा एक पावरा म्हातारा काउंटरशी आला. अंगाला मोहाचा वास. मी म्हणालो, "बाबा, जरा मागे सरका." तो मुकाट्याने सरकला. चामडे कमावणाऱ्यांना तर आपण पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कडेला ठेवले आणि कारण विचारले की नाकाला रुमाल लावला. लाकडाच्या वखारीतला हमाल एस.टी.त शेजारी बसला की आपण खिडकी उघडतो. आणि हेच तीन वास बाटलीत भरून वर फ्रेंच नाव चिकटवले, की तोच हात आपण चारचौघांत पुढे करतो, "हुंगून बघा!" त्यातून गंमत अशी, की बाटलीतले चामडे बहुधा चामडेच नसते. बर्चच्या सालीच्या डांबरातून तो वास आणण्याची जुनी रीत आहे. म्हणजे खऱ्या चामड्याला रुमाल आणि डांबराला ९ हजार!

नाक वास घेत नाही हो, लेबल वाचते. आपल्या खानदेशचेच उदाहरण घ्या. नंदुरबारकडच्या डोंगरांत रोशा गवत उगवते. १९व्या शतकात त्याचे तेल काढून मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. दोन्हींत जिरॅनिऑल नावाचे एकच द्रव्य, ओळखणार कोण? आमचे हे गवत गुलाबाच्या नावाखाली बड्या लोकांच्या रुमालावर जाऊन बसले. गवत म्हटले असते, तर कोणी हुंगले असते का?

रात्री भाच्याने विचारले, "मग मामा, कसा वाटला?"

म्हटले, "बाळा, तिन्ही वास ओळखीचे निघाले. रोज रांगेत उभे असतात. काल ते माझ्या अंगाला आले, तेव्हा मागे सरकणे म्हणजे काय ते कळले."

तो हसला. "मामा, तुम्हाला टेस्टच नाही."

"टेस्ट जिभेला असते," मी म्हणालो, "नाकाला थोडी लाज असली तरी पुरे."