विश्लेषण : जुन्या जीपला नवी बॉडी, फायबरची की पत्र्याची?

नांदगाव पेठहून मेळघाटच्या वाटा तुडवणाऱ्या जुन्या जीपची चॅसी आणि इंजिन ठणठणीत असते, पण तळाचा पत्रा सडलेला असतो. मग नवी बॉडी कोणती बसवायची?

फायबरचा फायदा काय?
फायबरग्लास गंजत नाही आणि पत्र्यापेक्षा हलके असते. पण दगडावर जोरात आदळले तर पोचा पडण्याऐवजी तडा जातो. तिथे वेल्डिंग चालत नाही. रेझिन आणि काचतंतूंचे थर द्यावे लागतात. शिवाय दिवे, हॉर्न यांची अर्थिंग लोखंडी बॉडीतून होते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून वेगळी वायर ओढावी लागते. रोलबार आणि सीटबेल्टही चॅसीला किंवा भक्कम लोखंडी सांगाड्यालाच जोडावे लागतात.

पत्रा कुठे सरस?
पोचा ठोकून निघतो, सडलेला तुकडा कापून नवा जोडता येतो. शत्रू एकच, गंज. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात तळाला चिकटून ओल धरते. त्यामुळे प्रायमर, गंजरोधक लेप आणि वेळेवर धुणे आवश्यक.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मग निवड कशी करावी?
दगडधोंड्यांत रोजचा वापर असेल तर पत्रा. वापर कमी आणि गंजाचाच त्रास असेल तर फायबर. मात्र बयाणा देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी.