जंतू कामाला लावा, पण टाकीत!

टेक्निकल फेस्टिव्हलच्या पेपर प्रेझेंटेशनमध्ये ‘बायोरेमेडिएशन’ हमखास असतं. शेवटची स्लाइडही ठरलेली: जनुकं बदललेले बॅक्टेरिया नदीत सोडा, विषारी धातू गायब, टाळ्या! माझा आक्षेप त्या ‘गायब’वर आहे.

तेलाचं ठीक आहे हो. ते कार्बनचं संयुग, जंतूंनी पूर्ण तोडलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. पारा, कॅडमियम ही मूलद्रव्यं, ती कोण तोडणार? जंतू धातूची फक्त जागा किंवा रूप बदलतो.

आता हे रूप बदलणं मात्र भन्नाट आहे. पारा पचवणाऱ्या जंतूंकडे ‘मेर’ नावाचा जनुकांचा संच मुळातच असतो. एक प्रथिन पारा आल्याची वर्दी देतं, दुसरी त्याला पेशीत घेतात आणि मर्क्युरिक रिडक्टेज हे एन्झाइम पाण्यात विरघळलेल्या पारा-आयनाला दोन इलेक्ट्रॉन देऊन साधा धातुरूप पारा करून टाकतं. २००० साली हे जनुक डायनोकॉकस रेडिओड्युरन्समध्ये, म्हणजे प्रचंड किरणोत्सर्गालाही दाद न देणाऱ्या जंतूत, बसवलं गेलं. किरणोत्सारी कचऱ्याच्या जागांसाठी. कॉर्नेल विद्यापीठात १९९७ मध्ये वेगळी युक्ती झाली होती. ई. कोलायला पारा आत ओढणारी प्रथिनं दिली आणि जोडीला तो धरून ठेवणारं, गंधकाने भरलेलं मेटॅलोथायोनिन.

पण पुढे काय? धातुरूप पाऱ्याची वाफ होते. म्हणजे पाणी स्वच्छ, हवा घाण! आणि पेशीत साठवला, तर जंतू मेल्यावर तो परत पाण्यात, नाहीतर जंतूला खाणाऱ्याच्या पोटात. १९५६ साली जपानमध्ये उघडकीला आलेला मिनामाता आजार असाच, माशांमधला पारा खाऊन झाला होता.

म्हणून मला जर्मन संशोधकांचा मार्ग पटतो. क्लोर-अल्कली कारखान्याच्या सांडपाण्यासाठी त्यांनी जंतू बंद टाकीत वाढवले. पाण्याचा पीएच आधी ठीक करायचा, जंतूंना खाणं द्यायचं. पारा टाकीतच अडकतो, उरलासुरला कार्बन फिल्टरमध्ये. गंमत म्हणजे ते जंतू नैसर्गिक होते, जनुकं बदललेले नव्हते! खरं काम टाकी, पंप आणि फिल्टर डिझाइन करणाऱ्यांचं, म्हणजे आपलंच. पण स्लाइडवर टाकीपेक्षा डीएनएचं चित्र झकास दिसतं ना.

नदीत सोडायची भाषा तर करूच नये. जनुकं जंतूंमध्ये इकडून तिकडे जातात. निशाणी म्हणून अनेकदा अँटिबायोटिकला न जुमानणारं जनुकही सोबत घातलेलं असतं, ते कुणाला मिळेल सांगता येत नाही. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार परवानगीशिवाय असं काही सोडताही येत नाही.

जनुकं बदललेल्या जंतूंना माझा विरोध नाही. उलट, धातू शोधायला ते फार उपयोगी आहेत असं मला वाटतं. २००६ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आर्सेनिक ओळखणारा जंतू तयार केला. आर्सेनिक असेल तर पीएच बदलतो, म्हणजे साधा इंडिकेटर पुरतो. हे आपल्याच वयाच्या पोरांनी केलं! बायोटेकवाल्यांनी संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी काढली, तर पीएच वाचणारं सर्किट मी करून देतो. सोल्डरिंगसकट.