लुंबिनीला जाताना : सामान किती, वेळ किती?

परदेश म्हटला की डोळ्यांसमोर विमान उभे राहते. पण आपल्या वस्त्यांतील कितीतरी कुटुंबे पहिल्यांदा परदेशात पाऊल ठेवतात ती रेल्वेने जाऊन. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळात आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथून निघालेले आपले उपासक-उपासिका रेल्वेने गोरखपूरला उतरतात. तेथून नौतनवा, मग सोनौलीची सीमा आणि पलीकडे भैरहवामार्गे लुंबिनी, अशी ही वाट आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्या देशात एकदा आपणही जाऊन यावे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना फार वाटत असते.

यासाठी घरे दोन-दोन, तीन-तीन वर्षे पैसा बाजूला टाकतात. कुणी भिशी लावतो, कुणी बोनसला हात लावत नाही. एवढी जमवाजमव करून निघालेल्या माणसांची पुढे तारांबळ उडते ती बहुधा दोनच कारणांनी. ओझे फार असते आणि दोन गाड्यांमधला वेळ थोडा असतो. आज या दोन गोष्टींविषयीच बोलू.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी कुशीनगर एक्स्प्रेस गोरखपूरला पोचायला जवळजवळ दीड दिवस घेते. बोरिवली-अंधेरीकडच्या लोकांना वांद्रे टर्मिनसहून सुटणारी अवध एक्स्प्रेस सोयीची वाटते, पण तिला वेळ अधिक लागतो. गोरखपूरहून नौतनवा रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर, नौतनव्याहून सीमा सात-आठ किलोमीटर, सीमेपासून भैरहवा चार-पाच किलोमीटर आणि भैरहव्याहून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. अंतर फार नाही, पण वाहने किती बदलावी लागतात ते मोजा! पॅसेंजर गाडी, जीप किंवा रिक्षा, सीमेवरची पायपीट, मग नेपाळी बस. दर ठिकाणी सगळे सामान उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे.

गोरखपूरचा मुख्य फलाट १३६६ मीटर लांब आहे. २०१३ पासून तो जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून ओळखला जात होता. २०२३ मध्ये हुबळीच्या १५०७ मीटरच्या फलाटाने त्याला मागे टाकले. आपल्या बारा डब्यांच्या पाच लोकल एकापुढे एक उभ्या केल्या तरी गोरखपूरला जागा उरेल. दीड दिवस आखडून बसलेल्या सासूबाईंना घेऊन, डोक्यावर बोचके आणि हातात दोन पिशव्या घेऊन हे अंतर चालावे लागले, तर काय होईल याचा विचार घरी बसूनच करावा.

स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान रेल्वे फुकट नेऊ देते. पण रेल्वे नेऊ देते म्हणजे आपल्याला उचलवते असे नव्हे. आमची सूचना साधी आहे. निघण्याच्या आठ दिवस आधी सामान बांधून ठेवा. ज्याची पिशवी त्याने उचलून चाळीचा जिना उतरावा, रेल्वेच्या पुलापर्यंत जावे आणि पूल चढून-उतरून घरी यावे. धाप लागली तर पिशवी उघडा आणि काय काढता येईल ते पाहा. पुष्कळ घरांत सामान बांधते घरातली बाई आणि फलाटावर सर्वांत जड बोचकेही तिच्याच डोक्यावर असते. ही रीत या प्रवासापासून तरी मोडावी.

सामानाची वाटणी माणसागणिक करा. सगळे कपडे एका ट्रंकेत आणि सगळी औषधे दुसऱ्या पिशवीत, असे केले की एक नग चुकला तरी सगळेच अडतात. प्रत्येकाच्या पिशवीत त्याचे दोन जोड कपडे, एक चादर, त्याचे औषध, ओळखपत्राची प्रत आणि थोडे पैसे असू द्या. मूळ ओळखपत्र अंगावरच ठेवा. एकूण नग किती ते घरातल्या शाळकरी मुलाला पाठ करायला सांगा. दर बदलाला त्याने मोठ्याने मोजावे. शिधाही बेतानेच घ्या. चपात्या, सुकी चटणी, चिवडा एवढे जातानाच्या गाडीपुरते पुरे. पुढे डाळ-भात सगळीकडे मिळतो. परतताना बुद्धमूर्ती आणावी असे कुणाला वाटत नाही? तिच्यासाठी एका पिशवीत जागा आधीच रिकामी ठेवा.

आता वेळेचे पाहू. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशात दाट धुके पडते आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी असते. म्हणून पोचल्या पोचल्या नौतनव्याची पॅसेंजर पकडू, असा हिशेब मनात धरू नका. गोरखपूरला एक रात्र मुक्काम करा, अंघोळ करा, म्हाताऱ्या माणसांना पाय पसरून झोपू द्या आणि सकाळी निघा.

परतीला तर अधिकच सांभाळावे लागते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. लुंबिनीत दहाची बस सांगितली, तर ती आपल्या घड्याळात पावणेदहालाच सुटते! सीमेवर ट्रकांच्या रांगा असतात, दोन्ही बाजूंना पिशव्या तपासल्या जाऊ शकतात. तिथे अर्धा तास गेला की नौतनव्याची गाडी गेली, आणि ती गेली की गोरखपूरची मोठी गाडीही हातची जाते. पाच जणांचे परतीचे आरक्षण असे एका दुपारी वाया जाऊ शकते. नवीन आरक्षण लगेच मिळेल याचा भरवसा नसतो. रोजंदारीवरच्या माणसाच्या दृष्टीने तर त्यात दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते.

१ एप्रिल २०१९ पासून रेल्वेने एक सोय केली आहे. लागोपाठच्या दोन गाड्यांची आरक्षित तिकिटे एकमेकांना जोडून घेतली, तर पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकल्यास तिचे पैसे परत मिळतात. मात्र दोन्ही तिकिटांवर नावे तीच हवीत, पहिली गाडी जिथे सोडली तिथूनच दुसरी हवी आणि गाडी पोचल्यापासून तीन तासांत मागणी करावी लागते. जीप किंवा बस उशिरा आली तर मात्र ही सोय कामाची नाही.

यावर उपाय एकच, फेरीचा क्रम बदला. बरेचजण कुशीनगर आधी पाहतात आणि लुंबिनी शेवटी ठेवतात. आमच्या मते लुंबिनी आधी करावी. कुशीनगर आपल्याच देशात, गोरखपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, थेट रस्त्यावर आहे. ते शेवटी ठेवले की सीमेवर खोळंबा झाला तरी कुशीनगरचा एखादा मुक्काम कमी करून भागते, परतीची गाडी चुकत नाही. आणि गाडीच्या आदली रात्र गोरखपुरातच काढा. त्या रात्रीच्या खोलीचे भाडे हा फुकटचा खर्च समजू नका.

काही किरकोळ गोष्टी. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, जाण्या-येण्याच्या दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवा. गाड्यांच्या वेळा १३९ वर विचारून घ्या. नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण मोठ्या माणसांनी निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नये. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून शंभराच्या नोटा जवळ असाव्यात. सीमेपलीकडे आपला फोन लागेलच असे नाही, तेव्हा चुकामूक झाल्यास कुठे थांबायचे ते आधीच ठरवा.

लुंबिनीचा परिसर सुमारे पावणेपाच किलोमीटर लांब आहे. सामान मुक्कामावर ठेवूनच तिथे फिरावे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक स्वतः येथे आला होता, त्याने उभारलेला स्तंभ आजही उभा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहिलेल्या आपल्या आईबापांना त्या स्तंभापुढे हात जोडायचे असतात. त्या वेळी त्यांचे हात मोकळे असावेत, आणि परतीच्या गाडीची धास्ती मनात नसावी.