कोल्ह्यांचा बंदोबस्त आणि सभासदांच्या कोंबड्या



गेल्या दोन हंगामांत जवळजवळ प्रत्येक गटसभेत एक विषय हटकून निघतो. लागणीच्या नोंदी, बेणे वाटप, तोडणीचा कार्यक्रम ही चर्चा संपत आली की मागून कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "साहेब, उसाचं झालं, पण त्या कोल्ह्यांचं काय करताय ते सांगा." सभेत हशा पिकतो. हशा ओसरला की तपशील बाहेर येतो. कोणाच्या एका रात्रीत सात कोंबड्या गेल्या, कोणाची अंड्यावर बसलेली खुडूक कोंबडी गेली, कोणी हौसेने आणलेली कडकनाथची जोडी आठवडाभरही टिकली नाही. ऊस कारखान्याचा, कोल्हा उसातला, तेव्हा बंदोबस्तही कारखान्यानेच करावा, अशी सूचना एका गटात रीतसर मांडली गेली. औषध द्या, नाहीतर फास लावणारा माणूस द्या आणि खर्च शेती विभागाने सोसावा, असे तिचे स्वरूप होते.

या सूचनेबद्दल शेती विभागाचे मत स्पष्ट मांडावे म्हणून हा लेख. तक्रार खरी आहे. मागितलेला उपाय मात्र चुकीचा आहे आणि त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागेल, असे आमचे म्हणणे आहे.

तक्रार खरी आहे हे आधी मान्य करू, कारण सभेत ती हसण्यावारी जाते. कोंबड्या हा सातबाऱ्यावर न चढणारा धंदा आहे. उसाचे बिल सोसायटीच्या कर्जखात्यातून वाट काढत घरी येते आणि येईपर्यंत बरेच बारीक झालेले असते. अंड्यांचे पैसे मात्र घरच्या बाईच्या हातात रोख पडतात. त्यातून मुलांच्या वह्या येतात, दवाखान्याची रिक्षा होते, माहेरी जायचे भाडे निघते. पंधरा कोंबड्या गेल्या म्हणजे त्या घरातले एक खाते बंद झाले. गटसभेला पुरुष येतात, म्हणून हे कोणी बोलत नाही.

आता चोर कोण, ते नीट पाहू. कोंबडी गेली की नाव कोल्ह्याचे घेतले जाते. पुस्तकात ज्याला लबाड कोल्हा म्हणतात, त्याच्या चित्रातला झुबकेदार शेपटीचा लहान प्राणी म्हणजे आपल्याकडचे खोकड. शेपटीचे टोक काळे, वजन दोन-चार किलो. ते उघड्या माळावर राहते आणि उंदीर, किडे, बोरे खाऊन जगते. उसात राहतो तो कोल्हा, आठ-दहा किलोचा, जोडीने फिरणारा, कोल्हेकुई करणारा. त्याला खाण्यात काही वर्ज्य नाही. "कोल्हा काकडीला राजी" ही म्हण अगदी शास्त्रशुद्ध आहे. काकडी, मक्याचे कणीस, बोरे, मेलेले जनावर, उंदीर, आणि सापडली तर कोंबडी. तो ऊसही चघळतो, हे ऊस विकास विभागाचा माणूस नाकारणार नाही.

पण प्रत्येक पंख कोल्ह्याने उपटलेला नसतो. कोल्हा बहुधा एखादी कोंबडी उचलतो आणि उसाकडे पळतो. पिसांची ओळ बांधापर्यंत जाते. दहा कोंबड्या मारून अंगणात तशाच टाकलेल्या दिसल्या तर आधी गावातल्या मोकाट कुत्र्यांचा संशय घ्यावा. भरदिवसा कोंबडी मान चावून मेलेली सापडली तर मुंगूस. रात्री झाडावर बसलेली गेली तर रानमांजर किंवा उदमांजर. आम्ही वस्त्यांवर जाऊन चौकशी करतो तेव्हा 'कोल्ह्या'च्या तक्रारींतल्या कितीतरी शेवटी शेजारच्याच कुत्र्यांवर येऊन थांबतात. तिथे मग बोलणेही थांबते, कारण कुत्रे भावकीतले असते.

कोल्हे फार वाढले असे सगळे म्हणतात. आम्हाला वाटते, त्याहून मोठा फरक आपल्या राहणीत पडला आहे. जुन्या घरांना ओट्याखाली दगडी खुराडे असे, तोंडाला फळी आणि फळीला धोंडा. दिवेलागणीला म्हातारी कोंबड्या मोजून आत घाली. घर गावठाणात, भोवती घरेच घरे. पाणी आले, तसे लोक शेतात वस्तीला गेले. स्लॅबचे घर झाले, मोटारसायकलला शेड झाली, जनावरांना गोठा झाला, खुराडे मात्र आराखड्यातून गळले. आता कोंबडी रात्री शेवग्यावर बसते, ट्रॉलीच्या कठड्यावर बसते, नाहीतर डालग्याखाली, आणि डालग्यावर एक वीट. दहा हातांवर उभा ऊस. घरचा माणूस रात्रपाळीच्या लाईटवर पाणी धरायला गेलेला. कोल्ह्याने आणखी काय मागावे?

त्यात गळीत हंगामाची भर पडते. नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली की एकेक फड मोकळा होत जातो आणि त्यातली जनावरे उरलेल्या उसात दाटतात. वर्षभर तीन शेते सोडून राहणारी जोडी अचानक तुमच्या परसातल्या उसात येते. हंगामाच्या उत्तरार्धात त्यांना पिले होतात आणि खाणारी तोंडे वाढतात. तक्रारी याच महिन्यांत का येतात, त्याचे कारण हे.

आता औषधाबद्दल. सभेत 'औषध' म्हणतात तेव्हा अर्थ एकच असतो, थिमेट. थिमेट म्हणजे फोरेट. याची विक्री आणि वापर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. तरी कोणाच्या माळ्यावर जुना डबा असतो, हे आम्हाला माहीत आहे. विष घातलेले मटण बांधावर टाकले की ते कोल्ह्यासाठी राखून ठेवलेले नसते. ते राखणीचे कुत्रे खाते, मांजर खाते, कावळा उचलून पाण्याच्या टाकीवर नेतो. मेलेले कुत्रे पाटात पडते. आणि त्याच फडात आठ दिवसांनी टोळी शिरते. मजूर उघड्या हाताने पाचट बाजूला करतो, त्याचे पोर बांधावर खेळत असते. कोंबडी वाचवायला हा धोका पत्करायचा, हे आम्हाला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

फासाचेही तेच. क्लचवायरचा फास कोल्ह्यासाठी लावला तरी त्यात बिबट्या अडकू शकतो. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या तालुक्यांत बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही. फासात जखमी झालेला बिबट्या आणि पहाटे कोयता घेऊन आत जाणारी टोळी यांची गाठ पडली तर काय होईल, ते लिहायला नको. कुंपणात वीज सोडणाऱ्यांबद्दल तर आम्ही एवढेच म्हणू की त्या तारेवर कोल्ह्याआधी अंधारात पाणी धरणारा शेजारी सापडतो.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला. पहिल्या अनुसूचीतले जनावर मारणाऱ्याला कमीत कमी तीन वर्षे कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. कारखान्याने असे काम स्वतःच्या खर्चाने करावे, असा ठराव कोणत्या इतिवृत्तात घ्यायचा?

समजा कायदा नाही, पकडणारा नाही. तरी उपयोग काय? कोल्ह्याची जोडी आपला टापू धरून राहते. ती मारली की जागा रिकामी होते आणि शेजारची तरुण जोडी तिथे येते. बिबट्यांच्या बाबतीत हा धडा आपण महाराष्ट्रातच घेतला आहे. २००१ ते २००३ या वर्षांत जुन्नर भागात माणसांवर हल्ले झाले तेव्हा बिबटे पकडून दूर नेऊन सोडले गेले. पुढे अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा अशा सोडण्याने हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले. खाण्याची आणि लपण्याची सोय कायम ठेवून नुसते जनावर हलवले, तर काम अर्धवट राहते. आणि कोल्हा उंदीर खातो हेही विसरू नये. उसाच्या बुडख्याशी उंदरांनी केलेले नुकसान ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तरी.

एक अपवाद मात्र ठेवा. कोल्हा दिवसाढवळ्या माणसाच्या अंगावर आला, तर तो पिसाळलेला असू शकतो. तिथे कोंबडीचा विचार सोडा. चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. हळद, चुना, मिरची काही लावू नका. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

मग करायचे काय? खुराडे बांधायचे. हे उत्तर सभेत कोणाला आवडत नाही, कारण त्यात कोल्ह्याला काहीच शिक्षा होत नाही.

वीस-पंचवीस कोंबड्यांना रात्रीपुरते सहा फूट बाय चार फूट पुरते. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दाताने फाडतो. वेल्डमेश घ्यावी, एक इंच भोकाची, म्हणजे रानमांजराचा पंजाही आत जात नाही. वरून पत्रा किंवा तीच जाळी, उघडे ठेवू नये. खरी मेख तळाशी आहे. कोल्हा भिंतीलगत उकरतो. म्हणून जाळी जमिनीला टेकवून न थांबवता बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट आडवी पसरावी आणि तिच्यावर दगडमाती दाबावी. उकरायला गेला की पंजा जाळीवर पडतो. जमत असेल तर खुराडे दोन फूट उंच पायांवर घ्यावे, लेंडखतही खाली आयते जमते आणि ते उसाला उत्तम. दाराला दोरी नको, कडी आणि कडीत खिळा. दिवेलागणीच्या आधी दार लावायचे आणि चांगले उजाडल्यावर उघडायचे, कारण तिन्हीसांज आणि झुंजूमुंजू ही कोल्ह्याच्या फेरीची वेळ. काही सभासद लुकलुकणारे दिवे लावतात. चार रात्री त्यांचा गुण येतो. पाचव्या रात्री कोल्ह्याला समजते की दिवा चावत नाही.

उसाच्या बाजूनेही थोडे करता येते. घरापासून चार-पाच सऱ्या ऊस न लावता तिथे घास, मेथी, कांदा असे बुटके पीक घ्यावे. कोल्ह्याला आडोशाशिवाय अंगण गाठणे जड जाते. घराजवळचा लोळलेला ऊस तोडणीत आधी घ्यावा, तशी विनंती गट कार्यालयात लेखी द्यावी, आम्ही विचार करू. तोड चारी बाजूंनी घेरून करू नये. घराच्या अंगाने सुरू करून पलीकडे वाट मोकळी ठेवावी, म्हणजे जनावर वस्तीत न घुसता दुसरीकडे निघून जाते. जनावरे हुसकायला फड पेटवणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. जळीत उसाची कपात तुम्हालाच सोसावी लागते आणि पाचट जळून जमिनीचे नुकसान होते ते वेगळेच.

आता जरा कडू बोलतो. आपल्या भागात ब्रॉयलरच्या शेड बऱ्याच झाल्या आहेत, त्यांतल्या काही आपल्याच सभासदांच्या आहेत. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचला शेकडा चार मर धरली तरी सहा आठवड्यांत दोनशे पक्षी मरतात. हे पक्षी कुठे जातात? कित्येक ठिकाणी पोत्यात भरून ओढ्याला नाहीतर उसाच्या बांधाला. कोल्हे आणि मोकाट कुत्री यांचा हा खानावळीचा डबा झाला. शेडवाल्याला जाळी आहे, भिंत आहे, त्याचे काही जात नाही. बॅच संपते, डबा बंद होतो आणि जनावरे शेजारच्या वस्तीवरच्या बाईच्या पंधरा कोंबड्यांकडे वळतात. मेलेला पक्षी त्याच दिवशी चार फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा, वर माती दाबावी. हे न करणाऱ्या शेडमालकाने गटसभेत कोल्ह्यांविरुद्ध बोलू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

राहता राहिल्या तोडणी मजुरांच्या कोंबड्या. बीडकडून टोळ्या येतात तेव्हा ट्रॅक्टरवर संसाराबरोबर डालगेही असते. कोप्या पडतात त्या मोकळ्या रानात, उसाच्या कडेला. पहाटे माणसे फडात गेली की मागे म्हातारे माणूस आणि पोरे. सर्वांत जास्त कोंबड्या आमच्या अंदाजाने इथेच जातात, आणि याची तक्रार गटसभेत येत नाही, कारण मजूर सभासद नाही.

म्हणून शेती विभागाने संचालक मंडळापुढे वेगळा प्रस्ताव ठेवायचे ठरवले आहे. फास आणि औषधाचा खर्च नको. त्याऐवजी गळीत सुरू होण्याआधी वेल्डमेश एकगठ्ठा खरेदी करून सभासदांना खरेदीच्या दराने द्यावी आणि रक्कम उसाच्या बिलातून वळती करावी. मागणीची नोंद घरच्या बाईच्या नावाने घ्यावी. प्रत्येक टोळीच्या तळावर उचलून नेता येईल असा जाळीचा एक पेटारा कारखान्याने ठेवावा. हंगाम संपला की तो परत गोदामात. चिटबॉयने तोडीची चिठ्ठी देताना शेजारच्या दोन वस्त्यांना तोडीचा दिवस सांगावा, म्हणजे त्या आठवड्यात कोंबड्या लवकर कोंडता येतील. याला पैसे लागत नाहीत. पेटाऱ्यांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालायचा यावर लेखा विभागाचे आमच्याशी अजून जमलेले नाही. त्यांच्या मते हा ऊस विकास नव्हे. सभासदांना काय वाटते ते पुढच्या गटसभेत सांगावे, आणि जमल्यास त्या सभेला घरच्या बाईला बरोबर आणावे.