बॉक्स बसतो, पण जुळतो का?

न बसणारा जुना गिअरबॉक्स गॅरेजमध्येच पकडला जातो. बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत किंवा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरत नाही, आणि बॉक्स संध्याकाळी आला तसा परत जातो. दिवसाची मजुरी बुडते, पण विषय तिथेच संपतो. खरा घात करतो तो बसणारा पण न जुळणारा बॉक्स. तो मुकाट्याने चढतो, गाडी गॅरेजबाहेर पडते आणि पुढे कित्येक महिने व्हॅनवाला त्याची किंमत इंधनात, क्लच प्लेटमध्ये आणि घाटातल्या मनस्तापात मोजत राहतो. शाळेची मुलं, पाण्याचे जार, बेकरीचा माल वाहून त्याचं घर चालतं. त्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

जुन्या बाजारात ‘सेम टू सेम’ हे शब्द फार स्वस्त झाले आहेत. कुर्ल्यात किंवा आणखी कुठे कटिंगच्या गाडीतला बॉक्स दाखवून विक्रेता ते बिनदिक्कत म्हणतो, आणि आपण मॉडेलचं नाव ऐकून मान डोलावतो. मारुतीचंच उदाहरण घ्या. ओम्नीतलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि मारुती ८०० मधलं इंजिन एकाच घराण्यातलं. पण ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, ओम्नीत ते उभं बसून मागच्या चाकांना जोर देतं. इंजिन भाऊ-भाऊ, बॉक्सचा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही. उलट व्हर्सा आणि २०१० साली आलेली पहिली ईको, दोघींची इंजिनं ‘जी’ घराण्यातली आणि दोघी मागच्या चाकांवर चालणाऱ्या. इथे मोह जास्त होतो, आणि म्हणूनच मोजमाप जास्त काटेकोर हवं. २०२२ च्या ईकोत तर ‘के’ घराण्याचं इंजिन आलं, म्हणजे नुसतं ‘ईकोचा बॉक्स’ म्हणून भागत नाही. कोणत्या सालची ईको, हे विचारलंच पाहिजे.

माझं ठाम मत असं, की गाडीतला बॉक्स खाली उतरवल्याशिवाय जुना बॉक्स विकत घ्यायला जाऊच नये. जमलं तर उतरवलेला बॉक्स टेम्पोत टाकून सोबत न्यावा. निदान आपली क्लच प्लेट आणि प्रोपेलर शाफ्टचा योक पिशवीत असावा. क्लच प्लेट नव्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून पाहिली की स्प्लाईनचे दात, जाडी आणि घट्टपणा एका मिनिटात कळतो. शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि बेल हाउसिंगच्या तोंडापासून ते टोक किती बाहेर येतं, हे कॅलिपर लावून बघावं. टोक लांब असेल तर बोल्ट आवळताना ते क्रँकवर टेकतं आणि बेअरिंगचा जीव जातो. स्टार्टरची जागा, माउंटिंग, क्लच केबलवर आहे की तेलावर, रिव्हर्स लाइटचा स्विच, हे सगळं दोन बॉक्स शेजारी ठेवले की डोळ्यांनाच दिसतं.

गिअरचं प्रमाण मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. ते मोजायला खडू पुरतो. इनपुट शाफ्टवर एक खूण, आउटपुटवर एक खूण. पहिला गिअर टाका, इनपुट दहा वेळा फिरवा, आउटपुट किती फिरला ते पाव फेऱ्यापर्यंत मोजा आणि दहाला त्या आकड्याने भागा. असं प्रत्येक गिअरचं करा, मग हेच आपल्या जुन्या बॉक्सवर करा आणि दोन्ही आकडे कागदावर समोरासमोर लिहा.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये क्राउन-पिनियन वेगळ्या अॅक्सलमध्ये असतं, त्यामुळे ते तरी आपलं आपल्याकडेच राहतं. टाटा विंगरसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शियल बॉक्सच्या पोटातच येतं, म्हणून तिथे चूक झाली की ती प्रत्येक गिअरमध्ये होते. असा बॉक्स मोजताना एक बाजू पक्की बांधावी. मग मोकळी बाजू क्राउनच्या दुप्पट फिरते, म्हणून तिचे फेरे निम्मे धरायचे. समजा आधीचं शेवटचं प्रमाण ४.१ होतं आणि नव्याचं ३.७ निघालं. बाकी गिअर तेच असले तरी चाकाशी ओढ दहा टक्क्यांनी घटली. सपाट रस्त्यावर चालकाला गाडी उलट शांत वाटेल, तो खूशही होईल. भरल्या गाडीने खंबाटकी चढताना मात्र तो अर्ध्या क्लचवर येईल, आणि दोष क्लच प्लेटच्या माथी मारला जाईल.

स्पीडोमीटरचंही तसंच. कुठे केबल आहे, कुठे सेन्सर. सेन्सरचा सिग्नल इंजिनच्या ईसीयूलाही लागतो, त्यामुळे तो जुळला नाही की चेक लाइट लागते आणि आपण भलतीकडेच वायरिंग शोधत बसतो.

आतल्या तब्येतीसाठी विक्रेत्यासमोरच ऑइल काढायला लावा. पितळी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंग झिजल्या, पोलादी कण दिसले तर दात गेले. ऑइल दुधाळ किंवा मातकट असेल तर गाडी पुरात उभी होती असं समजा, कारण पाणी ब्रीदरमधून आत शिरतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना हे निराळं सांगायला नको. आणि जिथे कंपनीने जीएल-४ सांगितलं आहे तिथे जीएल-५ ओतू नका, त्यातली रसायनं पितळी रिंग खातात.

आणखी एक आग्रह. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. म्हणून बॉक्स ज्या गाडीतून निघाला तिचा चॅसिस नंबर बिलावर लिहून घ्या. त्यावरून नेमकं मॉडेल आणि साल कळतं, आणि उद्या माल चोरीचा निघाला तर आपण तो कुठून घेतला याचा कागद हाती राहतो. नंबर द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून बॉक्स घेऊ नये, भाव कितीही उतरलेला असो. त्याच बिलावर मोजलेलं प्रमाण आणि परत घेण्याची मुदतही लिहून घ्यावी.

पुढच्या अंकापासून आपण एक पान या मोजमापांसाठी राखून ठेवत आहोत. गाडी, साल, इंजिन, स्प्लाईनचे दात, शाफ्टची लांबी, प्रत्येक गिअरचं प्रमाण, एवढं पोस्टकार्डावर मावतं. स्वतःच्या हाताने मोजलेलंच पाठवा, ऐकीव नको. कोणता बॉक्स कुठे बसला नाही तेही कळवा. त्या नोंदीसुद्धा आम्ही तितक्याच ठळकपणे छापू.