घराण्याची वृत्तपत्रे, समाजाची ठेव

वृत्तपत्र हा धंदा आहे की धर्म, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. धंदा म्हणावा तर त्यात नफ्यापेक्षा मनस्तापच अधिक. धर्म म्हणावा तर कागदवाल्याचे बिल धर्माच्या नावाने फिटत नाही. हा दुहेरी भार आपल्या देशात प्रदीर्घ काळ ज्यांनी वाहिला, त्यांत एकेका घराण्याने चालविलेल्या स्थानिक पत्रांचा वाटा मोठा आहे. अशा पत्रांचा इतिहास सांगताना आपण एकतर आरत्या ओवाळतो, नाहीतर ‘मालकाची बटीक’ म्हणून त्यांची वासलात लावतो. दोन्ही गोष्टी सोप्या आहेत, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. गोमंतकाचा अनुभव या बाबतीत विशेष बोधप्रद आहे.

आशियातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पुढे छपाई थंडावली आणि येथले पहिले नियतकालिक, ‘गॅझेता द गोवा’, निघण्यास १८२१ साल उजाडावे लागले. तेही सरकारी. खाजगी मालकीचे पहिले वृत्तपत्र ‘ओ उल्त्रामार’ हे ६ एप्रिल १८५९ रोजी मडगावात निघाले. ते काढणारे बेर्नार्दु फ्रांसिस्कु द कॉश्त हे लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून बसलेले गृहस्थ. ज्या प्रदेशात छापील शब्द तीन शतके धर्मपीठाच्या नाहीतर सरकारच्या हाती होता, तेथे एका घराने तो आपल्या ओसरीवर आणला. या घटनेचे मोल कमी लेखता येणार नाही.

दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, ओर्लीहून ‘आ इंदिया पोर्तुगेझा’ हे दुसरे पत्र निघाले. पुढे या दोन पत्रांभोवती दोन राजकीय पक्ष उभे राहिले. ‘उल्त्रामार’ मडगावच्या कॉश्त घराण्याचे आणि त्यांच्या पक्षाचे मुखपत्र ठरले, तर ‘इंदिया पोर्तुगेझा’ ओर्लीच्या लॉयोला घराण्याच्या पक्षाचे. मतभेद नुसते धोरणाचे नव्हते. ख्रिस्ती समाजात धर्मांतरानंतरही टिकून राहिलेल्या ब्राह्मण आणि चार्दो या जातिभेदाचे विष त्यात उतरले होते. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावच्या नगरपालिका निवडणुकीत सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि चर्चच्या परिसरात माणसे मेली. त्या दिवसाची आठवण एका मांड्यात आजही गायिली जाते. गोळ्या सैनिकांनी झाडल्या हे खरे. परंतु माणसामाणसांत वैर पेरण्याचे काम त्याआधी कित्येक वर्षे अक्षरांनी केले नव्हते, असे कोण म्हणू शकेल?

एवढ्यावरच निकाल दिला तर मात्र अन्याय होईल. त्याच लॉयोला घराण्यात पुढे फांचू लॉयोला निपजले. पक्षाच्या भांडणात तासलेली त्या घरातली लेखणी त्यांच्या हाती परकीय सत्तेविरुद्ध वळली. १९४६ च्या सविनय कायदेभंगानंतर त्यांना शिक्षा झाली आणि त्रिस्तांव ब्रागांझ कुन्ह, पुरुषोत्तम काकोडकर यांच्याप्रमाणे त्यांचीही रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात झाली. घराण्याचे पत्र घराण्याच्या स्वार्थापुरतेच राहते असा नियम नाही. ते मोठे होऊ शकते. मात्र त्यासाठी घरातल्या कोणाला तरी घराबाहेर पाहण्याची दृष्टी यावी लागते.

हिंदू समाजाच्या वाट्याला हे साधन उशिरा आले. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समानता मिळाली, आणि १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ सुरू केले. त्यांच्यामागे संसदेतील आसन नव्हते की सरकारदरबारी वजन नव्हते. खटले मात्र एकामागून एक होते. सालाझारच्या राजवटीत सेन्सॉरची कात्री आली, तेव्हा अशी पत्रे चालविणाऱ्यांना काय सोसावे लागले असेल, याची कल्पना आज जाहिरातींच्या दरपत्रकावर पोसलेल्या पिढीला येणे कठीण आहे.

मुक्तीनंतर चित्र पालटले. १९६२ मध्ये चौगुले यांचा ‘गोमन्तक’ निघाला आणि बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक झाले. धेंपो यांच्या घराण्याने १९६३ मध्ये ‘नवहिंद टाइम्स’ व १९७० मध्ये ‘नवप्रभा’ काढला. ही खाणउद्योगातील घराणी होती. त्यांच्या भांडवलाविना मुक्त गोव्यात मराठी दैनिक इतक्या लवकर उभे राहिले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात अशी जी लेखणीची लढाई झाली, तिच्यामुळे साधा खेडूतही अग्रलेख वाचू लागला. पण खनिजाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वृत्तपत्रसृष्टीकडे खाणीच्या प्रश्नावर वाचक डोळे झाकून पाहणार नाही. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा प्रत्येक बातमीमागे मालकी कोणाची हे पाहण्याची वाचकाला गरज वाटली, यात त्याचा दोष नव्हता.

आज घराण्यांची पत्रे हातोहात बदलत आहेत. पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये स्थापिलेला ‘सकाळ’ १९८५ मध्ये पवार कुटुंबाकडे गेला. पुढे ‘गोमन्तक’ही त्याच समूहात सामील झाला. १९०० मध्ये निघालेला पोर्तुगीज ‘ओ हेराल्दो’ १९८३ मध्ये इंग्रजी झाला. पत्र विकले गेले म्हणजे पाप झाले असे आम्ही म्हणत नाही. बंद पडण्यापेक्षा ते बरे. परंतु मालक बदलला हे वाचकाला ज्या ठळकपणे कळावयास हवे, तसे ते कळत नाही. १९५६ च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी सरल्यावर मालकीचे निवेदन, ज्याला आपण ‘फॉर्म चार’ म्हणतो, अंकात छापले जाई. भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असलेल्यांची नावे त्यात असत. ते कोठे तरी कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत येई. १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला आहे. कायदा काहीही म्हणो, हे निवेदन पहिल्या पानावर, वाचता येईल अशा टायपात छापण्यापासून कोणत्याही मालकाला कोणी अडविलेले नाही. ज्याला लपवायचे काही नाही, त्याने आजच आरंभ करावा.

दुसरी गोष्ट याहून निकडीची आहे. पत्रे बंद पडतात, घरे विभागली जातात, आणि जुन्या अंकांच्या फाइली माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतात. पावसाळी हवेला कागदाची दया नसते. भाऊबंदकीत जमिनीचे वाटे इंचाने मोजणारी मंडळी या फाइली रद्दीच्या भावाने घालवितात. वस्तुतः त्या एका घराच्या नाहीत. त्यांत गावचे बाजारभाव आहेत, देवळांचे व कोमुनिदादींचे तंटे आहेत, साथीच्या रोगांच्या वार्ता आहेत, म्हणजे आपल्या आजोबांचे जग आहे. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासारखी, १८३२ पासूनची परंपरा असलेली संस्था आपल्याकडे आहे. घराण्यांनी आपल्याकडील अंक तिच्या हवाली करावेत, नपेक्षा निदान त्यांची छायाप्रत काढू द्यावी. आणि सरकारने हे काम अर्जाची वाट न पाहता, दारोदार माणसे पाठवून करावे.

घराण्यांनी वृत्तपत्रे काढली, सांभाळली, प्रसंगी वापरली आणि कधी कधी त्यांच्यासाठी तुरुंगही भोगला. या सर्वांचा हिशेब मांडावयाचा तर कागद शिल्लक हवा. मालकी घराण्याची असली तरी छापलेला शब्द समाजाची ठेव असतो. ठेव बुडविण्याचा अधिकार कोणत्याही घराला नाही.